न काढलेल्या चित्राची नोंद

सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी भागातल्या एका माध्यमिक शाळेत मी लिपिक आहे. गावात मला सगळे 'भाऊसाहेब' म्हणतात. मी कविता लिहितो हे गावाला ठाऊक आहे. पण शाळेतले माझे काम म्हणजे हजेरीपट, दाखले, पगारपत्रके आणि वर्षाच्या शेवटी प्रगतिपत्रके.

या प्रगतिपत्रकात 'कला' असा एक विषय असतो. २०१० साली आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण या विषयांची वर्षाच्या शेवटी लेखी परीक्षा घ्यायची नाही, शिक्षकाने वर्षभर मुलाला पाहायचे, त्यावरून श्रेणी द्यायची आणि त्याच्याविषयी दोन ओळी लिहायच्या, असे ठरले. कल्पना फार चांगली होती. कागदावर उतरताना मात्र तिचे काय झाले, ते मी माझ्या टेबलावरून पाहिले आहे. बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या. 'चित्रात आवडीने रंग भरतो', 'रंगसंगतीची जाण आहे', 'कलाकृतीचे रसग्रहण करतो', अशी वाक्ये त्यात ओळीने छापलेली असतात. वर्गशिक्षक श्रेणी देतात आणि मी पुस्तिकेतले एकेक वाक्य एकेका नावापुढे टाइप करतो.

काही वर्षांपूर्वी सहावीची प्रगतिपत्रके तयार करत होतो. बोनाफाइड दाखल्यासाठी आलेला एक मुलगा माझ्या खुर्चीमागे उभा होता. पडद्यावर त्याला स्वतःचे नाव दिसले. त्याने ती ओळ बोट लावून वाचली आणि विचारले, "भाऊसाहेब, मी चित्र कवा काढलं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. आमचे चित्रकला शिक्षक निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, त्यांची जागा भरलेली नव्हती. चित्रकलेच्या खोलीत पोषण आहाराच्या तांदळाची पोती रचलेली होती. त्या मुलाने शाळेत वर्षभरात एकही चित्र काढले नव्हते, आणि तो रंग आवडीने भरतो असे मी लिहून मोकळा झालो होतो. खेड्यातल्या शाळेतले कलाशिक्षण म्हणजे काय, ते का हवे आणि ते कसे होऊ शकते, याविषयी आज बोलायचे ठरवले ते त्या प्रश्नामुळे.

स्मरणचित्राचा तास

आधी थोडे माझ्याविषयी. माझे वडील पिंजारी. उन्हाळ्यात गावोगाव फिरून गाद्या-उशांचा कापूस पिंजून देणे हा आमचा धंदा. पिंजणाच्या तातेवर लाकडी मूठ बसली की एक घुमणारा आवाज येई, मग कापूस उडे, मग पुन्हा आवाज. त्या आवाजाला एक ठेका होता. पुढे मी मात्रा मोजायला शिकलो तेव्हा कळले की मोजणे मला आधीच येत होते. पण शाळेत असताना मी हा आवाज लपवला. मुले 'पिंजाऱ्याचा' म्हणून चिडवत. घरी काय चालते ते मी कुणाला सांगत नसे.

आमच्या हायस्कुलात तेव्हा ड्रॉइंग मास्तर होते. ते आम्हांला शासकीय रेखाकला परीक्षेला बसवत. आधी एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. परीक्षेत वस्तुचित्र असे, संकल्पचित्र असे, अक्षरलेखन असे आणि स्मरणचित्र असे. स्मरणचित्राचा विषय ठरलेला असायचा: आठवड्याचा बाजार, पाणवठा, एसटी स्टँड. मी पहिल्यांदा बाजार काढला तेव्हा एक म्हातारी भाजी विकताना दाखवली. मास्तरांनी चित्राला चांगले-वाईट काही म्हटले नाही. त्यांनी विचारले, "म्हातारी कशी बसते? मांडी घालून, की एक गुडघा वर घेऊन? तराजू कोणत्या हातात धरते? पैसे कुठे ठेवते?" मला एकाही प्रश्नाचे उत्तर आले नाही. दर बुधवारी मी त्या बाजारात जात होतो आणि मी काहीच पाहिलेले नव्हते.

पुढच्या बुधवारी मी म्हातारीसमोर अर्धा तास उभा राहिलो. मी चित्रकार झालो नाही. माझा हात बेताचाच होता. पण त्या अर्ध्या तासात मला पाहायची सवय लागली, आणि आज जी काही कविता लिहितो ती त्या सवयीवर. कलाशिक्षणाने शंभर मुलांतून शंभर चित्रकार घडावेत, अशी अपेक्षा कुणी करू नये. भाषेच्या तासाने तरी कुठे शंभर लेखक घडतात? मूल आपल्या भोवतीचे नीट पाहू लागते, ऐकू लागते, आणि पाहिलेले-ऐकलेले कुठल्या तरी रूपात दुसऱ्यासमोर ठेवायचे धाडस करू लागते, एवढेच या तासाचे काम आहे. ज्या मुलाला वर्गात उत्तर देता येत नाही, त्यालाही काही सांगायचे असते. त्याला त्यासाठी दुसरी वाट हवी असते.

फैजपूर, सेवाग्राम, कोसबाड

कला ही शहरातल्या ऐपतदार शाळांची चैन आहे असा समज आपल्याकडे आहे. इतिहास पाहिला तर महाराष्ट्रात हा विचार खेड्यातच रुजवला गेला. १९३६ च्या डिसेंबरात खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. त्याची सजावट गांधीजींनी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांच्याकडे सोपवली, आणि खेड्यात मिळणाऱ्या वस्तूच वापरायच्या अशी अट घातली. बांबू, गवत, चटया यांतून ते नगर उभे राहिले. गावात जे आहे त्यातून सुंदर काही करता येते, हे हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, वर्ध्याच्या परिषदेत नयी तालीमची मांडणी झाली. हाताने काम करता करता शिकायचे, हा तिचा गाभा. सेवाग्रामच्या शाळेत १९४४ साली देवी प्रसाद नावाचे तरुण कलाशिक्षक आले. ते शांतिनिकेतनच्या कलाभवनात शिकलेले. १९६२ पर्यंत ते तिथे राहिले. खेड्यातल्या मुलांबरोबर त्यांनी चित्रे केली, मातीची भांडी केली, आणि त्या अनुभवावर पुस्तकही लिहिले. शिक्षणाचा पायाच कला असावी, असे त्यांचे म्हणणे होते.

त्याच सुमारास, १९४५ मध्ये, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने आदिवासी पाड्यांवर कुठून आणणार? त्यांनी शिंपले, बिया, पाने, खडे घेतले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणारी मुले कुरणावर असतात तर कुरणशाळा काढली. आज आपण सहज वापरतो तो 'अंगणवाडी' हा शब्द त्या कामातून आला.

कोसबाड ज्या डहाणू तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे. वारल्यांच्या घरात लग्नाचा चौक लिहायचे काम बायकांचे. गेरूने वा शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने त्या तो लिहीत. १९७० च्या दशकात मशे यांनी ती चित्रभाषा कागदावर आणली. लग्नापलीकडचे सारे जगणे तिच्यात रेखाटले: शेते, जाळी, मुंग्या, नाच. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. इकडे कोकणात कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या जपल्या. तिथल्या परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचेच संग्रहालय केले. त्यांना २०२१ ची पद्मश्री जाहीर झाली.

या माणसांचा आपण गौरव करतो आणि मग एक चूक करतो. आज कुठल्याही जिल्ह्यातल्या शाळेच्या भिंतीवर वारली चित्रे दिसतात. पेंटर येतो, नमुन्यावरून त्रिकोणी माणसे काढतो, मजुरी घेऊन जातो. मुले त्या भिंतीला हातही लावत नाहीत. आमच्या भागातल्या मुलाला डहाणूचे त्रिकोण पाठ होतात, आणि त्याची आजी गोधडीला जे टाके घालते त्यातली नक्षी त्याला दिसत नाही. मशे यांनी स्वतःच्या घराची भिंत पाहिली होती. त्यांच्याकडून आपण तेवढे घ्यायला हवे होते.

कायदा आणि वेळापत्रक

कागदावर कलाशिक्षणाला विरोध कुणाचाच नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या वेळी कला, संगीत, नृत्य, नाट्य यांवर एक स्वतंत्र गट नेमला होता. दहावीपर्यंत कला हा सक्तीचा विषय असावा, अशी शिफारस त्याने केली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक नेमण्याची तरतूद आहे. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तर म्हणते की कला आणि विज्ञान, अभ्यास आणि अभ्यासेतर अशा भिंतीच नकोत. सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याजवळ जाऊन शिकावे, असेही त्यात आहे.

मग अडते कुठे? पहिली अडचण त्या परिशिष्टातच आहे. निदेशकाची तरतूद लागू होते ती पट शंभराहून अधिक असेल तर. वाड्या-वस्त्यांवरच्या शाळांचा पट तिथे पोहोचतच नाही. म्हणजे ज्या मुलाच्या गावात ना चित्रांचे दुकान, ना नाट्यगृह, ना गायनाचा क्लास, त्याच्याच शाळेला हा शिक्षक मिळत नाही. दुसरी अडचण अशी की निदेशक नेमले तरी ते मानधनावर, मुदतीपुरते. पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो मुलांत कसा रमणार? तिसरी अडचण द्विशिक्षकी शाळेची. दोन शिक्षक, चार-पाच वर्ग, त्यात माहिती भरणे, सर्वेक्षणे, बैठका. तिथे वेळापत्रकातला कलेचा तास गणिताला जातो, आणि गणिताला नाही गेला तर मैदान साफ करायला जातो.

रेखाकला परीक्षा आजही आहेत आणि त्यांतल्या श्रेणीबद्दल दहावीला काही वाढीव गुणही मिळतात. त्याचा फायदा झाला. मुले परीक्षेला बसू लागली. तोटाही झाला. पालक विचारतात, "किती मार्क वाढतील?" ज्या गावात शिकवणाराच नाही तिथला मुलगा ना परीक्षेला बसतो, ना त्याचे गुण वाढतात. शहरातला मुलगा क्लास लावतो आणि पुढे जातो. अंतर कमी करण्यासाठी केलेल्या सोयीने ते अंतर असे वाढते.

उरते स्नेहसंमेलन. गावाला तीच शाळेची कला वाटते. भाड्याचे चकचकीत कपडे, सिनेमाची गाणी, मोठे कर्णे. दहा-पंधरा मुले नाचतात, तीही बहुधा दरवर्षी तीच, आणि बाकीची खाली बसून पाहतात. मुलांनी आनंद लुटू नये असे मी म्हणत नाही. पण वर्षभराच्या कलेच्या तासाऐवजी एक रात्र, हा सौदा वाईट आहे.

मूल चित्र कसे काढते

ज्या शिक्षकाला स्वतःला चित्र येत नाही, तो म्हणतो, "मी काय शिकवणार?" त्याच्यासाठी एक दिलासा आहे. लहान मुलाला चित्र शिकवावे लागत नाही; ते थांबवू नये एवढेच पाहावे लागते. व्हिक्टर लोवेनफेल्ड या शिक्षणतज्ज्ञाने १९४७ सालच्या आपल्या पुस्तकात मुलांच्या चित्रांचे टप्पे सांगितले. आधी नुसत्या रेघोट्या. मग गोल डोके आणि त्यालाच फुटलेले हातपाय. मग सात-आठ वर्षांच्या सुमारास प्रत्येक वस्तूची मुलाची स्वतःची एक खूण ठरते. घर असे, झाड असे, आई अशी. नऊ-दहानंतर ते खऱ्याशी ताडून पाहू लागते, आणि मोठे होता होता "मला चित्र येत नाही" म्हणून बहुतेक मुले हात आखडता घेतात.

हे कळले की चुका चुका राहत नाहीत. आमच्याकडे एका मुलीने घराचे चित्र काढले. भिंतीतून आतली चूल दिसते, कणगी दिसते, कणगीच्या आतली ज्वारीसुद्धा दिसते. शिक्षिका म्हणाल्या, "भिंतीतून दिसेल का?" मुलीने चित्र खोडले. खरे तर मुलगी दिसते ते काढत नव्हती, तिला जे माहीत होते ते काढत होती, आणि कणगीत ज्वारी किती उरली आहे हे त्या घरात सगळ्यांना माहीत असते. विहिरीभोवती चारी बाजूंना आडवी पडलेली माणसे, बापापेक्षा मोठा काढलेला बैल, यांचाही असाच अर्थ असतो. जे महत्त्वाचे ते मोठे. शिक्षकाने फळ्यावर आंबा काढायचा आणि चाळीस मुलांनी तोच आंबा उतरवायचा, यात चित्रकला नसते, हस्ताक्षराचा सराव असतो. "हे काय काढलेस?" असे दरडावून विचारण्यापेक्षा "याच्याविषयी सांग बघू" एवढे म्हटले तरी निम्मे काम होते.

शनिवारचा तास

त्या मुलाच्या प्रश्नानंतर मी मुख्याध्यापकांकडे गेलो. शनिवारी शाळा लवकर सुटते, त्यानंतरचा एक तास मागितला. तांदळाची पोती भिंतीच्या एका बाजूला घेतली, अर्धी खोली मोकळी झाली. त्या अर्ध्या खोलीत जे केले त्यातले थोडे सांगतो. कुठल्याही शाळेला ते करता येईल.

रंग विकत आणले नाहीत. गेरू, चुना, कोळसा, हळद हे घरात असते. बाभळीचा डिंक रात्रभर पाण्यात भिजवला की रंग धरून ठेवायला उपयोगी पडतो. फाल्गुनात पळसाची फुले उकळली की केशरी पिवळा रंग निघतो. बांबूची काडी टोकाशी चावून मऊ केली की कुंचला होतो. हळदीच्या पिवळ्या पाण्यात मुलांनी चुन्याची निवळी टाकली आणि पाणी लालभडक झाले. खोलीत ओरडा झाला. विज्ञानाचे शिक्षक धावत आले, आणि आम्ल-आम्लारीचा धडा त्या शनिवारी तिथेच झाला. कागद कुठला? पाठकोऱ्या प्रश्नपत्रिका. वर्षभराचा आमचा खर्च एका स्नेहसंमेलनाच्या लाउडस्पीकरच्या भाड्याएवढाही झाला नाही.

मी कवितेचा माणूस, म्हणून आवाजांची यादी करायला सांगितली. पहाटेपासून झोपेपर्यंत गावात कोणते आवाज येतात? डेअरीचे कॅन, काकड आरती, अजान, पिठाच्या गिरणीचा पट्टा, घाटातल्या एसटीचा गिअर, बोअरची मोटर. त्यातला एक निवडून चार ओळी लिहायच्या. अट एकच, 'छान' आणि 'सुंदर' हे शब्द वापरायचे नाहीत. यमक नको म्हटल्यावर मुले मोकळी झाली. सातवीतल्या एका मुलीने लिहिले, 'मोटर चालू झाली की आई उठते. लाईट गेली की आई बसते.' शेतीची वीज रात्री येणाऱ्या गावात त्या दोन ओळींचा अर्थ सांगावा लागत नाही. मी बरीच वर्षे कविता लिहितो, मला ती ओळ सुचली नसती.

दुसऱ्या शनिवारी घरून एक जात्यावरची ओवी आणायला सांगितली. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या याच घरांतल्या बायकांच्या. मुलांना वाटत होते आजीला काही येत नाही. आज्यांनाही तेच वाटत होते. एक आजी नातवाबरोबर शाळेतच आली आणि थांबेचना. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते आणि त्यांची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली पुस्तकात आली, हे पाठ्यपुस्तकात वाचणे वेगळे आणि स्वतःच्या आजीचा सूर वर्गात ऐकणे वेगळे.

आमच्या भागात मोहरमचे ताबूत सारा गाव मिळून करतो. कडेगावचे उंच ताबूत प्रसिद्धच आहेत. आमचे लहान, पण ते बांधायला सर्व जातीधर्मांचे हात लागतात. ताबुताची कागदी जाळी कापणारे एक वयस्क चाचा आहेत. त्यांना बोलावले. त्यांनी कागदाला घडीवर घडी घातली, कात्रीने चार-दोन छेद दिले आणि उलगडून दाखवला. गणिताचे शिक्षक मागे उभे होते. पुढच्या आठवड्यात त्यांनी सममितीचा धडा चाचांच्या कात्रीनेच घेतला. भजनी मंडळाने पखवाज आणि पेटी दिली, ती आजही शनिवारी येते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

आता एक अवघड गोष्ट. आम्ही गावातल्या कुंभारबाबांना बोलावायचे ठरवले, तर त्यांचा नातू त्या शनिवारी शाळेतच आला नाही. कारण विचारायची मला गरज नव्हती. मी माझ्या वडिलांचे पिंजण याच कारणाने लपवले होते. आपल्याकडे कला आणि कारागिरी जातीला चिकटलेली आहे. शाळेत कुंभार आला की मुलांना आधी जात दिसते, मडके नंतर. म्हणून केवळ 'स्थानिक कारागिरांना बोलवा' म्हणून भागत नाही. आम्ही पुढच्या खेपेला आधी मुख्याध्यापकांना चिखलात बसवले, मग मला, मग सगळ्या वर्गाला. बाबांना खुर्ची दिली आणि मुलांनी त्यांना 'गुरुजी' म्हणायचे असे ठरले. कुणाचेच मडके उभे राहीना. तासाभराने नातूच पुढे झाला आणि मुख्याध्यापकांचा हात धरून त्याने चाकावर नीट ठेवला. तसेच मुलामुलींचे. रांगोळी मुलींनी, ढोल मुलांनी, ही वाटणी आम्ही मोडली. पहिल्या दिवशी हसू झाले, नंतर कुणाला काही वाटले नाही.

दुसरी गोष्ट मला शासनाला आणि संस्थाचालकांना सांगायची आहे. माझ्यासारख्या हौशी माणसाने शनिवारी तास घेणे हा या प्रश्नावरचा उपाय नव्हे. माझी बदली झाली, मी आजारी पडलो, की तो तास बंद. गणिताचा शिक्षक नसेल तर गावातल्या वाण्याने हिशेब शिकवावा, असे आपण म्हणत नाही. कलाशिक्षक पदविका घेतलेले कितीतरी तरुण मिळेल ते काम करत आहेत. एका शाळेचा पट पुरत नसेल तर पाच-सहा शाळा मिळून एक पूर्णवेळ कलाशिक्षक द्यावा, तो आठवड्याचा एकेक दिवस एकेका शाळेत जाईल. ज्या शिक्षकांना आवड आहे त्यांना प्रशिक्षण द्यावे. दिल्लीचे सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र १९७९ पासून शिक्षकांसाठी असे वर्ग घेते, त्यात खेड्यातल्या शिक्षकाचा नंबर लागावा. आणि वेळापत्रकातला कलेचा तास दुसऱ्या विषयाला देता येणार नाही, एवढे तरी तपासणीत पाहावे.

तोपर्यंत पालकांनी एक करावे. प्रगतिपत्रक हातात आले की गणिताचे गुण पाहून ते मिटू नका. कलेपुढची नोंद वाचा आणि मुलाला सांगा, "ते चित्र दाखव." शाळेतही जाऊन विचारा. आमच्यासारख्यांना तो प्रश्न टाळता येत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

तो मुलगा शनिवारी येऊ लागला. त्याला बक्षीस वगैरे काही मिळालेले नाही. त्याचा हात माझ्यासारखाच बेताचा आहे. सातवीच्या वर्षी त्याने एक चित्र काढले: गोठा, दावण, खुंटा, खुंट्याला दोर आणि बाकी कोरी जागा. मी म्हटले, "अजून पुरे झालं नाही का?" तो म्हणाला, "झालंय की." त्या वर्षी मी वर्गशिक्षकांना विचारून पुस्तिका बाजूला ठेवली आणि त्याच्या नावापुढे टाइप केले, 'दावणीचे चित्र काढले. बैल काढला नाही. विचारल्यावर म्हणाला, उन्हाळ्यात विकला.'

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)